मखरातला तिसरा भाग

पियानोला आमच्या घरात कुणी कधी पियानो म्हटलं नाही. आई म्हणायची ‘टीचरची पेटी’. बाबा म्हणायचे ‘तें लांकूड’. आणि बाबांचे धाकटे भाऊ अण्णाकाका, ज्यांचा घरात एकट्यांचाच सुरांशी काही संबंध होता, ते म्हणायचे ‘मोठी पेटी’. छोटी पेटी म्हणजे त्यांची स्वतःची हार्मोनियम. ती दर गुरुवारी भजनाला देवळात जायची आणि उरलेले दिवस आमच्या माजघरात जुन्या धोतराखाली झाकलेली असायची. पेडण्याच्या बाजारात पुढे दुकान आणि मागे घर अशी आमची राहणी. दुकानात वह्या, पाट्या, कापूर, उदबत्त्या, दोऱ्याची रिळं आणि छत्र्यांच्या काड्या. सकाळी पदेराचा भोंपू वाजला की आई पाव घ्यायला मागच्या दाराने जायची, कारण पुढच्या दाराने गेली तर बाबा गिऱ्हाइकांदेखत विचारायचे, “आज परत पाव? भाकरी कोण खातलो?” आणि मग सगळ्यांत आधी दोन पाव तेच संपवायचे. दहा वाजता पेज, बरोबर खारातली कैरी नाहीतर सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर. या सगळ्यावर बाहेरून बसच्या कंडक्टरची हाळी चालू. अजूनही कुणी ‘म्हापशें, म्हापशें’ असं ओरडलं की मला पेजेची भूक लागते.

इसाबेल टीचरचं घर मागच्या आळीत होतं, आमच्या विहिरीवरून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. तिचे वडील पोर्तुगीज अमदानीत डिचोलीहून पेडण्याच्या सरकारी खजिन्यात बदलून आले. अमदानी गेली, वडील गेले, टीचर राहिली. लग्न तिने केलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सरकारी शाळेत तिने बरीच वर्षं शिवण शिकवलं म्हणून ती साऱ्या गावाची टीचर. तिला मी इथे ‘ती’ म्हणते आहे ते उद्धटपणाने नव्हे, आमच्याकडे आईला आणि टीचरला कुणी अहोजाहो करत नसे. तिचा पियानो शिवोलीच्या धक्क्यावरून दोन होड्या एकमेकींना बांधून, वर फळ्या टाकून, नदी ओलांडून चोपड्याला उतरवला होता. चोपड्याचे म्हातारे ही हकिकत सांगताना प्रत्येक जण आपापल्या बापाला पियानोच्या डाव्या बाजूला उभं करायचा. उजव्या बाजूला कोण होतं ते मला आजवर कळलेलं नाही. आता तिथे पूल आहे, तीन मिनिटांत माणूस पलीकडे जातो, आणि माझ्या घरावरून दर थोड्या वेळाने विमानं जातात. नवल मात्र अजून मला त्या दोन होड्यांचंच वाटतं.

मला टीचरकडे धाडलं होतं क्रोशे शिकायला. आईचा हिशेब सरळ होता: मुलीच्या हाताला वळण लागेल आणि जिभेला थोडी विश्रांती मिळेल. तेरा वर्षांची मी फार बोलत असे आणि फार लवकर चिडत असे. दुसरी सवय अजून गेलेली नाही. क्रोशेची सुई मी तीन आठवडे धरली. चौथ्या आठवड्यात टीचर स्वयंपाकघरात गेलेली पाहून मी पियानोचं झाकण उचललं आणि अण्णाकाकांकडून चोरून शिकलेला एक अभंग उजव्या हाताने वाजवला. टीचर दारात येऊन उभी राहिली. रागावली नाही. बराच वेळ माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तो हात कितें करता गो?” मी बघितलं तर माझा डावा हात हवेत मागेपुढे होत होता. हार्मोनियमचा भाता हलवायची सवय, हाताला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे भाता नाही. पुढचे सहा महिने टीचरने माझ्या त्या हातावर लाकडी पट्टीने टकटक करून त्याला भाता विसरायला लावलं. क्रोशेचा अर्धा रुमाल तसाच राहिला. घरी सांगायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, “शिवण शिकूंक धाडलां तिका, पेटी वाजवपाक न्हय.” पण तिने बंद केलं नाही, कारण जिभेला विश्रांती खरोखरच मिळत होती.

त्या घराचा वास मला अजून आठवतो: ओल्या लाकडाचा, मेणबत्तीचा आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या बोलीन बिस्किटांचा. पावसाळ्यात पियानोच्या पट्ट्या फुगून खालीच राहायच्या, म्हणून टीचरने त्याच्या पोटात एक विजेचा दिवा लावून ठेवला होता. दिवसभर पियानोच्या फटींतून उजेड यायचा. वीज गेली की टीचर आधी पियानोची चौकशी करायची, मग स्वतःची. आईने मला बजावलं होतं की तिथे फळ खायचं, दुसरं काही नाही. टीचरला हे कुणी न सांगताच ठाऊक होतं. ती माझ्यासाठी बशीत केळं ठेवायची आणि बोलीनचा डबा मुद्दाम उघडा टाकून आत जायची. डब्यातले बोलीन कमी व्हायचे आणि त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

टीचर संध्याकाळी स्वतःसाठी वाजवायची ते एकाच माणसाचं. पाद्री सालुश्त्यानु त्याचं नाव. आमच्या घरात त्याला ‘टीचरचो पाद्री’ म्हणत. अडीचशे वर्षांपूर्वी हा माणूस लिस्बनच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता आणि पियानो नवा नवा आला होता तेव्हा त्याने त्याच्यासाठी लिहिलं. मग मोठमोठ्या नावांचे लोक आले आणि याचं नाव कुणी घेईना. त्याचं छापलेलं एकही पान टीचरने कधी पाहिलं नव्हतं. तिच्याकडे होती ती तिच्या पणजोबांनी केलेली हातची नक्कल. पणजोबा वकिली शिकायला लिस्बनला गेले आणि वकिलीपेक्षा जास्त शाई त्यांनी या पाद्रीवर खर्च केली, असं ती सांगायची. त्यातल्या ज्या रचनेवर तिचा जीव होता ती एक सोनाटा, म्हणजे तीन भागांची रचना. पहिला भाग चालत जाण्याचा, तिने मला समजावलं, दुसरा बसून विचार करण्याचा, आणि तिसरा धावत घरी येण्याचा. पण तिच्याकडे दोनच भाग होते. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरांत वाजवणाऱ्याला सूचना होती की थांबू नको, लगेच पान उलट. आणि उलटायला पान नव्हतं. तिसऱ्या भागाची वही कसरीने खराब होऊ लागली म्हणून तिच्या वडिलांनी ती डिचोलीच्या घरी आपल्या भावाकडे नवी नक्कल करायला पाठवली होती. ती नक्कल व्हायच्या आधीच भाऊ वारला, चुलतभावांनी घर एका खाणवाल्याला विकलं आणि घरातले कागद एका सकाळीत बाहेर गेले. टीचरला कळलं तेव्हा त्या घरात खाणीच्या कचेरीची टेबलं लागली होती. “आमी दुसऱ्यांतच बसून आसांव,” ती म्हणायची आणि हसायची. ते हसणं मला तेव्हा खरं वाटायचं.

अण्णाकाका मी आठवीत असताना गेले. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत माणूस नाहीसा झाला. त्यांनी लग्न केलं नव्हतं, दुकानात ते बाबांचे भागीदार होते आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलण्याचं सगळं खातं त्यांच्याकडे होतं. ते गेल्यावर दुकानात आवाजच उरला नाही. बाबा मुळात कमी बोलणारे, आता ते मानेनेच भाव सांगू लागले. मला काका फार हवे होते. घरात कुणी त्यांचं नाव काढलं की बाबा उठून जात, म्हणून मी ते विहिरीवर एकटी असताना मोठ्याने घेत असे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

काकांची आठवण म्हणून घरात दोन वस्तू राहिल्या, हार्मोनियम आणि मखर. चतुर्थीच्या गणपतीला आमच्याकडे जे मखर असे ते काकांनी स्वतः केलेलं होतं, आणि ते बघायला बाजारातले लोक मुद्दाम आत येत. दोन खांब आणि वर कमान, बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर जाड जुन्या कागदाचे थर खळीने चिकटवलेले, आणि सगळ्यांत वर गुलाबी-हिरवा कागद आणि जरीच्या पट्ट्या. जुन्या कागदाबद्दल काकांची ठाम मतं होती. नवा कागद खळ लावली की रडतो, जुना पोर्तुगीज कागद खळ पितो आणि लाकडासारखा होतो, असं ते म्हणत. हा कागद डिचोलीचा माझा मामा पुरवायचा. त्याचं तिथे किराणा दुकान होतं आणि पुड्या बांधायला घेतलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यांतला जाड कागद तो भाऊजींच्या भावासाठी बाजूला काढून ठेवायचा. खळीत काका मोरचूद घालायचे, किडीला दूर ठेवायला. चतुर्थी झाली की मखराचे तीन तुकडे जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर जात आणि वर्षभर तिथे राहत.

काका गेले त्या वर्षी मखर खाली आलंच नाही. पुढच्या वर्षी आईने बाबांना न विचारता ते उतरवायला लावलं. चादर सोडली तर उजव्या खांबाच्या पायथ्याला वाळवी लागलेली. मोरचूद तिथे कमी पडला असणार. चतुर्थीला पाच दिवस होते. आईने माझ्या हातात खळीचं भांडं दिलं आणि सांगितलं, “बाबा दुकानांतसून येवंचे पयलीं बरें कर.” मी सुटलेला गुलाबी कागद ओढला, त्याच्याखालचे थर त्याच्याबरोबर निघाले, आणि मी खळीचं भांडं हातात धरून तशीच बसले. पाच ओळी होत्या. त्यांवर काळे उडीद सांडल्यासारखे ठिपके होते. एक वर्षापूर्वी मला ते नुसते ठिपके दिसले असते. आता मी ते वाचू शकत होते, आणि बोटभर रुंद पट्टीवर जे होतं ते कुणीतरी धावत असल्यासारखं होतं.

ती पट्टी मी ओढणीत गुंडाळून टीचरकडे नेली. तिने चष्मा पुसला, भिंग काढलं, पण स्वर वाचायच्या आधीच तिला कळलं. ओळीच्या सुरुवातीला जे वेलांटीसारखं चिन्ह असतं त्याला शेपटीजवळ एक जास्तीचा वळसा होता. तसा वळसा तिच्या पणजोबांशिवाय दुसरं कुणी काढत नसे. ती खुर्चीत बसली. तिच्या हातांकडे माझं तेव्हा पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. बोटांची पेरं आल्याच्या गाठींसारखी सुजली होती. गेले काही महिने ती मला शिकवताना स्वतः कमी वाजवू लागली होती आणि मी मूर्ख, मला वाटत होतं मी चांगली वाजवते म्हणून. “खंय मेळ्ळें?” तिने विचारलं. मी सांगितलं. मखर म्हटल्यावर तिने भिंग खाली ठेवलं. मग तिने पट्टी माझ्या हातात परत दिली. “वच, जशी आसली तशी चिकटय. देवाची बसका ती.” मी म्हटलं, आत आणखी असेल, सगळाच भाग असेल. ती म्हणाली, “आसतलो. बोटां म्हजीं आनीक एक पावसाळो आयकतलीं काय ना, देवाक खबर. पूण तुज्या बापायकडेन तूं हें मागूं नाका.”

अर्थात मी मागितलं. त्याच दिवशी जेवताना मागितलं, तेही अशा घाईने की बाबांना आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी हातातला घास खाली ठेवला. “अण्णाचो हात लागलेलो आसा ताका,” ते म्हणाले. “हांव ताचो एक कागद काडूंक दिवंचों ना.” मी म्हटलं, टीचरला तो भाग एकदा तरी ऐकायचा आहे, तिची बोटं चालली आहेत. बाबा म्हणाले, “तो पाद्री मरून दोनशें वर्सां जालीं. अण्णाक अजून दोन वर्सां जावंक नात.” आज मी बाबांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि आजही मला त्यावर उत्तर सुचत नाही. तेव्हा मात्र मी ताट सरकवून उठले आणि दोन वेळा जेवले नाही. तिसऱ्या वेळी आईने पेज पुढे ठेवली आणि म्हणाली, उपाशी राहून कागद सुटत नसतो. मी जेवले. पट्टी मी परत चिकटवली, पण कडेला थोडी खळ मुद्दाम कमी लावली.

गणपती आला. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो. वर माटोळी, म्हणजे लाकडी चौकटीला टांगलेली रानातली फळं, सुपाऱ्यांचे घोस, काकड्या आणि कांगलां, खाली काकांच्या मखरात गणपती. आरतीला सगळे देवाकडे बघत होते आणि मी उजव्या खांबाकडे. स्वयंपाकघरात हळदीच्या पानांतल्या पातोळ्या उकडत होत्या, नेवऱ्यांचे डबे भरत होते, आणि मला हे सगळं आवडत असूनही मी कुणाशी धड बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी दरवर्षीप्रमाणे टीचर आली. आमच्याकडे चतुर्थीला ख्रिस्ती शेजारी येतात आणि नेवऱ्या घेऊन जातात, नाताळला त्यांच्याकडून कुसवाद, म्हणजे गोडाधोडाचं ताट, येतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आईने तिच्या हातात नेवऱ्यांचं ताट दिलं आणि सुजलेल्या बोटांना ते पेलत नाही हे पाहून गुपचूप तिच्या शेजारच्या स्टुलावर ठेवलं. टीचर देवासमोर हात जोडून उभी राहिली. मग तिची नजर देवावरून उजवीकडे गेली, खांबावरून वर, कमानीवरून पलीकडे. बाबांनी ते पाहिलं.

“माखर पळयतात?” त्यांनी विचारलं. आवाज कोरडा होता.

“तुमचो भाव म्हज्या जनेलाकडेन रावतालो,” टीचर म्हणाली. “तुमकां खबर आसा?”

बाबांना खबर नव्हती. आम्हा कुणालाच नव्हती. टीचर सावकाश सांगत गेली. गुरुवारी भजनाला निघालेले काका तिच्या घरावरून जाताना खिडकीबाहेर थांबायचे. आत कधी आले नाहीत. ती दुसऱ्या भागाच्या शेवटाला येऊन थांबली की तेही निघायचे. अशी किती वर्षं गेली त्याची मोजदाद तिने ठेवली नव्हती. एकदा मात्र त्यांनी खिडकीतून विचारलं होतं, टीचर, तुम्ही नेहमी इथेच का बंद करता, पुढे काय आहे? तिने सांगितलं, पुढचं हरवलं. तेव्हा काका म्हणाले होते, “अशें कशें? हें तर फुडें वचपाक उबें रावलां.” इतकं सांगून ती थांबली. बाबा मखराकडे बघत होते. “फुडलें ताच्याच हातांतल्यान गेल्लें,” टीचर म्हणाली. “ताका खबर ना, माका खबर ना.” मग तिने आईकडून नेवऱ्यांचा डबा घेतला, छत्री उघडली आणि निघून गेली. तिने काहीही मागितलं नाही, असं मी बरीच वर्षं सांगत असे. आता मला तसं वाटत नाही. तिने मागितलं, फक्त बाबांना देता यावं अशा रीतीने मागितलं.

विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी बाबांनी दुकान उघडलं नाही. ही गोष्ट आमच्या बाजारात इतकी नवी होती की शेजारचा दुकानदार तब्येत विचारून गेला. न्हाणीघरात अंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं मोठं भाण असतं, त्याखाली बाबांनी नारळाची सोडणं भरपूर घातली होती आणि पाणी खळखळत होतं. “शालू, हांगा यो,” त्यांनी मला हाक मारली. उजवा खांब त्यांनी स्वतःच्या हातांनी वाफेवर धरला. दुकानात ओल लागून चिकटलेल्या वह्या ते अशाच सोडवत, त्यामुळे त्यांना किती वाफ द्यायची आणि कधी थांबायचं हे बरोबर ठाऊक होतं. आईने घावन उलटायचं पातळ उलथनं आणून दिलं. आधी गुलाबी कागद निघाला, मग वर्तमानपत्राचा थर, मग मोरचुदाने निळसर झालेलं पहिलं पान. ते मी दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि आईच्या जुन्या लुगड्यावर पसरलं. दुपारपर्यंत दोन्ही खांब आणि कमान सुटी झाली होती, नुसत्या कामट्या उरल्या होत्या, आणि लुगड्यावर नऊ पानं वाळत होती.

एक गोष्ट बाबांच्या लक्षात आली, माझ्या आली नसती. बाकी सगळे कागद काकांनी खांबाच्या मापाने कातरले होते. ही नऊ पानं कातरली नव्हती. जिथे पान मोठं होतं तिथे त्यांनी कडा आत दुमडल्या होत्या, सगळ्या नऊच्या नऊ पानांच्या. बाबा एक दुमड बोटाने उघडत राहिले. “कातर सदांच हातांत आसताली ताच्या,” ते म्हणाले. “हांकां लावंक ना.” काकांना हे वाचता येत नव्हतं. टीचरची पाच ओळींची वही त्यांनी कधी जवळून पाहिली नव्हती. पण हे गाण्याचं काहीतरी आहे एवढं त्यांना कळलं असावं आणि गाण्याला कातर लावायची नाही एवढं त्यांना पुरलं असावं. बाबा न्हाणीघरात भाणाखालची सोडणं मागे ओढू लागले. वाफ फार होती, त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मी मात्र रडले आणि ते लपवलं नाही.

नऊ पानांत पूर्ण तिसरा भाग होता, फक्त वाळवीने शेवटून दुसऱ्या पानाचा कोपरा खाल्ला होता. उभ्या रेघांमधल्या जागेला टीचर घर म्हणायची, तशी चार घरं गेली होती. ती आपण भरू या का, असं मी विचारलं तेव्हा टीचर म्हणाली, “वाळयेन खाल्लें तें तिका पचूं दी. आमी थंय मोजून गप्प रावया.” तिची उजव्या हाताची बोटं त्या वेगाला तयार होईनात, म्हणून तिने डावा हात घ्यायचा आणि मी उजवा, असं ठरलं. दसरा गेला, दिवाळी गेली. माझा उजवा हात एकटाच शिकत होता आणि माझ्यावर टीचर जितकी त्या महिन्यांत रागावली तितकी आधी कधी रागावली नव्हती. मी तिच्यावर उलट चिडायचे आणि रडत घरी यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. ती पानं आज माझ्या कपाटात आहेत. गेल्या वर्षी पणजीहून संगीत शिकवणारा एक तरुण मुलगा येऊन त्यांचे फोटो काढून गेला, आता त्याचे विद्यार्थी ती रचना वाजवतात. चार घरांचं काय करायचं, असं त्यानेही विचारलं. मी त्याला टीचरचं उत्तर सांगितलं. आणि मखराचं म्हणाल तर पुढच्या चतुर्थीला बाबांनी स्वतः कामट्या तासल्या. दुकानदाराचा हात तो, कमान डावीकडे झुकली. तेव्हापासून आमचा गणपती झुकत्या कमानीत बसतो आणि कुणी ती सरळ करायला धजावलेलं नाही.

नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी टीचरने आईबाबांना बोलावलं. बाबा त्या घरात पहिल्यांदाच आले. पांढरा सदरा घातला होता, खुर्चीच्या अगदी काठावर बसले, छत्री दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली. आई मात्र आरामात बसली आणि बशीतला बोलीन उचलून खाल्ला, माझ्याकडे न बघता. टीचरने पहिला भाग एकटीने वाजवला, सावकाश, दुखऱ्या बोटांना जपत. दुसराही. मग ती बाकावर डावीकडे सरकली आणि मी तिच्या उजवीकडे बसले. तिने मान हलवली आणि आम्ही निघालो.

तिसरा भाग खरोखर धावत घरी येण्याचा होता. मी दोन ठिकाणी चुकले, तिसऱ्या ठिकाणी चुकले तेव्हा टीचरचा कोपर मला लागला, पण थांबलो नाही. मग ती रिकामी जागा आली. आम्ही दोघींनी हात उचलले आणि मनात चार घरं मोजू लागलो. खोलीत एकदम शांतता झाली. बाबांना वाटलं, संपलं. ते छत्री सावरत उभे राहिले. टीचर वळलीसुद्धा नाही, पाठमोरीच म्हणाली, “बसात,” आणि बाबा पटकन बसले, आणि त्याच क्षणी आमचे दोघींचे हात एकदम सुरू झाले, शेवटचं पान, आणि मग ते पानही संपलं. टीचरचा डावा हात शेवटच्या सुरांवर तसाच दाबलेला होता. सूर विरून गेले तरी तिने तो उचलला नाही. तिचे ओठ हलत होते. ती प्रार्थना करत होती की घरं मोजत होती ते मला कळलं नाही. मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते समजत नव्हतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आई पदराने डोळे पुसत होती. बाबा टीचरकडे वळले.

“माका कांय कळूंक ना,” ते म्हणाले.

टीचर म्हणाली, “जाता तशें.”

बाबांनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली आणि खुर्चीत पहिल्यांदाच मागे रेलून बसले. “परत एकदां वाजयात,” ते म्हणाले. “अण्णाखातीर न्हय. माकाच आयकूंक जाय.”